मॉरिशसची तुलना भारताशी नको, एका कारखान्याशी करा

महोदय,

गळीत हंगाम तोंडावर आला की ऊसदराच्या सभांमध्ये मॉरिशसचे उदाहरण हमखास निघते. ‘तिथे साखरेतला ७८ टक्के वाटा शेतकऱ्याला मिळतो’ असे एक जण सांगतो आणि ‘ते एवढेसे बेट, आपला देश केवढा’ असे म्हणून दुसरा विषय संपवतो. दोघांचेही बोलणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यावर आजवर नीट बोलले गेले नाही, म्हणून हे पत्र.

आधी आकार. मॉरिशसचे क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. आपला सांगली जिल्हा ८,५७२ चौरस किलोमीटरचा, २०११ च्या जनगणनेत २८ लाखांचा. सातारा त्याहून मोठा. म्हणजे तो अख्खा देश सांगली जिल्ह्यात चार वेळा बसतो. अलीकडच्या हंगामांत त्या बेटावर पंचवीस लाख टनांच्या आसपास ऊस गाळला गेला, तोही तीनच कारखान्यांत. कराड-वाळवा पट्ट्यातले दोन-तीन मोठे कारखाने मिळून एका हंगामात तेवढा ऊस गाळतात. मग मॉरिशसची तुलना दीडशे कोटींच्या भारताशी करण्यात अर्थ काय? ती आपल्या एकेका कारखान्याच्या कार्यक्षेत्राशी केली, तर काय घेता येते आणि काय नाही हे स्पष्ट दिसते.

जे घेता येत नाही ते आधी. तिथली जवळपास सगळी साखर परदेशात जाते. ती विकते एकच संस्था, १९१९ पासून चालत आलेले मॉरिशस शुगर सिंडिकेट, आणि साखर कोणाचीही असो, दर सगळ्यांना सारखा मिळतो. बरीचशी साखर डेमेरारा, मस्कोव्हाडो अशा खास प्रकारांची असते आणि तिला चढा भाव येतो. आपल्या देशात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर घरातच खपते. इथे साखर महागली की सरकार हलते, निर्यात थांबते, साठ्यावर मर्यादा येते. २०१९ पासून साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपयांवरच राहिला आणि एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) मात्र जवळपास दरवर्षी वाढत गेली. बाजार मुळातच वेगळा असल्याने ७८ टक्के शेतकऱ्याला, २२ टक्के कारखान्याला हे सूत्र उचलून इथे लावता येत नाही. वाटणीची आपली चर्चा रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवलेल्या ७०-३० पासूनच (७० टक्के शेतकऱ्याला, ३० कारखान्याला) करावी लागेल.

शिवाय तिथले सगळेच चांगले आहे असे नाही. युरोपने १९७५ पासून वर्षाला ५ लाख ७ हजार टन साखर हमीभावाने घेतली. तो करार २००९ मध्ये संपला, युरोपने भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि एकामागून एक कारखाने बंद झाले. कामगारांना भरपाई आणि घरापुरती जागा मिळाली, पण हजारो लहान लागवडदारांनी ऊसच सोडला. माळरान झालेली उसाची राने आज त्या बेटावर जागोजागी आहेत. मोठी जमीन पूर्वीपासून मोजक्या बड्या मळेवाल्यांकडे होती. सहकारी कारखान्यांनी आपल्याकडे एक-दोन एकरवाल्यालाही सभासद केले, तसे तिथे झाले नाही. या बाबतीत त्यांनी आपल्याकडून शिकावे.

आता जे घेण्यासारखे आहे ते.

मॉरिशसमध्ये उसाचा मोबदला वजनावर नाही, त्या उसात निघणाऱ्या साखरेवर ठरतो. शेतकऱ्याचा ऊस काट्यावर येतो, त्याचा नमुना तपासला जातो, त्यावरून त्याच्या नावावर किती किलो साखर जमा करायची ते ठरते आणि त्यातला ७८ टक्के वाटा त्याचा. तपासणीवरचे नियंत्रण कारखान्याकडे नसते. ते काम पूर्वी सरकारच्या नियंत्रण व लवाद विभागाकडे होते, आता २०१२ पासूनच्या मॉरिशस ऊस उद्योग प्राधिकरणाकडे आहे. त्यामुळे चांगला, पक्व, स्वच्छ ऊस आणणाऱ्याला त्याचे फळ मिळते.

आपल्याकडे वजन शेतकऱ्याचे आणि उतारा (शंभर किलो उसातून निघणारी साखर) मात्र अख्ख्या कारखान्याचा. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. समजा कारखान्याचा सरासरी उतारा ११.५ आहे. एकाच्या फडातला ऊस १२.५ चा, शेजारच्याचा १०.५ चा. दोघांनाही दर ११.५ चाच. एक टक्का उताऱ्याची किंमत टनाला ३४६ रुपये होते. एकरी ४० टन धरले तर पहिल्याच्या उसातले १३,८४० रुपये सरासरीत विरघळतात आणि दुसऱ्याला तेवढेच न कमावता मिळतात.

याचा परिणाम शिवारात पाहायला मिळतो. को ८६०३२ या उसाच्या जातीला साखर त्यामानाने लवकर भरते. पाडेगावच्या केंद्राने काढलेल्या को-एम ०२६५ चे टनेज जास्त आणि तो क्षारपड जमिनीतही तग धरतो, पण त्याला साखर उशिरा भरते. वजनावरच पैसे असल्याने शेतकरी २६५ लावतो आणि त्याची तोड डिसेंबरात आली की कारखाना कुरकुरतो. तोड आठवड्यावर आली असताना ‘वजन भरावे’ म्हणून पाणी सोडले जाते. खरे तर तोडणीआधी पंधरा दिवस ते तीन आठवडे पाणी तोडले की रानातला ओलावा कमी होतो, वाढ थांबते आणि साखर साठते. उशिरा टाकलेला युरियाही तसाच, ऊस हिरवागार दिसतो आणि रसाची शुद्धता घसरते. यात शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पैसे ज्यावर, त्याच्याच मागे माणूस लागणार.

प्रत्येक वाहनाचा नमुना घेणे अशक्य आहे असे सांगितले जाते. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात सरासरी पंधरा टनांची वाहने धरली तरी दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास खेपा होतात. कोअर सॅम्पलर म्हणजे टोकाला दाते असलेली पोकळ फिरती नळी. ती भरलेल्या ट्रॉलीत घुसवून उसाचा गाभा काढला जातो आणि एका वाहनाला काही मिनिटे पुरतात. पुढची कृती ब्राझीलमध्ये कित्येक वर्षे रुळलेली आहे. काढलेला ऊस बारीक करून नीट मिसळायचा, त्यातला ५०० ग्रॅम भाग घेऊन प्रेसमध्ये २५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाखाली एक मिनिट दाबायचा. निघालेल्या रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) रिफ्रॅक्टोमीटरवर, पोल (साखरेचे प्रमाण) पोलारीमीटरवर मोजायचा आणि दाबून उरलेल्या वड्याच्या वजनावरून चोथ्याचे प्रमाण काढायचे. या तीन आकड्यांवरून मिळू शकणारी साखर निघते. हे सगळे करणारे प्रयोगशाळेतले लोक प्रत्येक कारखान्यात आजही आहेत, फक्त ते मिश्र रसाचे नमुने तपासतात, शेतकऱ्याच्या उसाचे नाही.

चुका कुठे होतात हेही सांगायला हवे, कारण तिथेच विश्वास जातो. नळीचे दाते बोथट झाले की ऊस कापला न जाता चेपतो, रस गळून जातो आणि नमुना खोटा ठरतो. नळी कुठे घुसवायची हे चालवणाऱ्याच्या मर्जीवर सोडले तर वाद अटळ आहे. जागा चिठ्ठीने किंवा यंत्राने ठरली पाहिजे. नमुना तासभर उन्हात राहिला तर रस आंबायला लागतो. रिफ्रॅक्टोमीटरचे वाचन २० अंश तापमानाला धरलेले असते. मार्चमध्ये प्रयोगशाळेत ३५ अंश असताना दुरुस्ती केली नाही, तर आकडा चुकलाच. एका ट्रॉलीत दोन फडांचा ऊस आला तर त्या नमुन्याला काही अर्थ उरत नाही, म्हणून चिटबॉयने (कारखान्याच्या शिवारातल्या कर्मचाऱ्याने) फडातच खेप वेगळी करून स्लिप द्यावी लागेल. बैलगाड्या आणि अंगद गाड्यांना (ट्रॅक्टरने ओढायच्या लहान गाड्यांना) नळी परवडत नसेल, तर प्रत्येक खेपेतून मोळीभर ऊस काढून त्या शेतकऱ्याचा दिवसाचा एकच मिश्र नमुना करता येतो.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. नोव्हेंबरात साखर कमी असते, जानेवारी-फेब्रुवारीत ती शिगेला पोचते आणि उन्हाळा लागला की उतरते. तोड कधी येणार हे शेतकऱ्याच्या हातात नसते, ते कारखान्याचे गट कार्यालय आणि तोडणीची टोळी ठरवते. मग नोव्हेंबरात तोड आलेल्याने कमी पैसे का घ्यावेत? याचे उत्तर ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या ऊस पट्ट्यात सापडते. तिथे शेतकऱ्याच्या आकड्याची तुलना त्याच काळातल्या सरासरीशी करतात. म्हणजे नोव्हेंबरातल्याची बरोबरी नोव्हेंबरातल्याशीच. आपल्याकडे पंधरवड्याची सरासरी धरली तर हा अन्याय टळेल. त्याच पंधरवड्यात सगळ्यांच्या नमुन्यांतून येणारी साखर आणि कारखान्यात प्रत्यक्ष निघालेली साखर यांचा ताळाही घालावा. फरक वाढला तर एकतर नळी बिघडली आहे, नाहीतर काटा.

कायद्याचाही प्रश्न निघेल. एफआरपी हा किमान दर आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे तो चौदा दिवसांत द्यायचा, नाहीतर १५ टक्के व्याज. त्याखाली कोणाला जाता येत नाही आणि जाऊ देऊही नये. पण आपल्या भागातले अनेक कारखाने एफआरपीच्या वर दर देतात. ती वरची रक्कम सरसकट न वाटता तपासणीच्या आकड्यावर वाटायला एफआरपीचा नियम आडवा येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या बेटाकडून घ्यावी. चक्रीवादळाने तिथला ऊस वारंवार झोपतो. त्यांनी १९४६ मध्येच चक्रीवादळ व अवर्षण विमा मंडळ काढले, त्याचाच पुढे साखर विमा निधी झाला. सगळे जण हप्ता भरतात आणि नुकसान झाले की भरपाई मिळते. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला की पोंग्यात (शेंड्याच्या पानांच्या सुरळीत) गाळ बसतो, शेंडा कुजतो, डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतात आणि साखर त्या पांगशांच्या वाढीत खर्च होते. २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. प्रत्येक वेळी पंचनामे, प्रत्येक वेळी मदतीच्या घोषणेची वाट. कारखान्याच्या कार्यक्षेत्राने टनामागे ठरावीक रक्कम बाजूला ठेवून स्वतःचा निधी उभा करणे अवघड नाही. त्यासाठीही देश लहान असावा लागत नाही.

१८३४ पासून त्या बेटावर सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर उतरले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथे मराठी शिकतात. त्यांच्या उसाचा आकडा त्यांच्याच नावावर लागतो, आपल्या उसाचा नाही, याची खंत वाटते.

आमची मागणी छोटी आहे. सांगली-साताऱ्यातल्या एका तरी कारखान्याने येत्या हंगामात एक कोअर सॅम्पलर बसवावा, तपासणी कृषी विद्यापीठाच्या किंवा साखर आयुक्तालयाच्या देखरेखीखाली व्हावी आणि पहिले वर्ष पैशाला हात लावू नये. फक्त काट्याच्या पावतीवर वजनाखाली आणखी तीन ओळी छापाव्यात: रसाचा ब्रिक्स, या उसातली साखर टक्के आणि या पंधरवड्याची कारखान्याची सरासरी.

– ऊस उत्पादक व साखर प्रयोगशाळेतील काही वाचक,
वाळवा (जि. सांगली) आणि कराड (जि. सातारा)