डिटोनेशन इंजिन स्वच्छ, पण कशाच्या बळावर?

संपादक महोदय,

डिटोनेशन इंजिनाच्या, म्हणजे इंधन साध्या ज्वालेऐवजी ध्वनीहून वेगवान स्फोटलाटेने जाळून दाब वाढवू पाहणाऱ्या इंजिनाच्या, बातम्या हल्ली वरचेवर येतात आणि बहुतेकींत ‘प्रदूषणमुक्त’ हे विशेषण आधीच चिकटवलेले असते. संशोधन कौतुकाचेच आहे. खटकते ती विशेषणाची घाई.

हायड्रोजन-हवेच्या मिश्रणात डिटोनेशनची लाट सेकंदाला सुमारे १,९७० मीटर धावते. इंजिनात ही लाट कड्यासारख्या अरुंद पोकळीत गोल फिरत राहते. १० सेंमी व्यासाच्या कड्यात तिचा वेग प्रत्यक्षात १,६०० वर आला, तरी सेकंदाला ५,००० फेरे होतात. म्हणजे पुढच्या फेरीसाठी ताजे मिश्रण भरायला ०.२ मिलिसेकंद! इथेच घोडे पेंड खाते. लाट इंजेक्टरवरून (इंधन व हवा आत सोडणाऱ्या भोकांवरून) जाताना आतला दाब पुरवठ्याच्या दाबावर चढतो, भोके क्षणभर तुंबतात, जळका वायू मागे शिरतो. तो नव्या भरणीत मिसळला की मिश्रण लाटेआधीच साधे पेटते आणि लाट मंदावते. कधी दोन लाटा उलट दिशांनी फिरून एकमेकींवर आदळत राहतात. भोके बारीक करून पुरवठ्याचा दाब वाढवला तर लाट सुधारते, पण डिटोनेशनने कमावलेला दाब इंजेक्टरातच गमावतो. प्रसिद्ध झालेल्या बहुतेक मोजमापांत निव्वळ दाब वाढण्याऐवजी घटलेला दिसतो तो यामुळे.

जपानच्या एस-५२०-३१ रॉकेटवर २७ जुलै २०२१ रोजी असे इंजिन अंतराळात ६ सेकंद चालले, रेटा सुमारे ५०० न्यूटन. नासाने २०२३ मध्ये थ्रीडी छपाईचे इंजिन जमिनीवर २५१ सेकंद चालवले, रेटा सुमारे २,६३० किलो वजनाइतका. मजल मोठीच. पण ही रॉकेट इंजिने. ऑक्सिडायझर, म्हणजे ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, सोबत नेणारी. जपानचे तर मिथेनवर चालणारे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आलाच.

विमानाचे इंजिन हवा घेते. हायड्रोजन वापरून कार्बन टळेल, पण लाटेमागचे तापमान २,९०० केल्विनच्या आसपास जाते आणि १,८०० च्या वर नायट्रोजन ऑक्साइड झपाट्याने बनतात. इंधन कमी करून मिश्रण विरळ केले तर तापमान उतरते खरे, पण लाटेची जाळीदार घडण, जिचा एकेक कोश नेमक्या प्रमाणातल्या (इंधन व ऑक्सिजन दोन्ही पुरते संपतील अशा) मिश्रणात साधारण १० मिमी असतो, ती फुगते आणि कड्याच्या त्याच अरुंद पोकळीत लाट टिकत नाही.

तेव्हा बातमीदारांनी इंधन व त्याचे हवेशी प्रमाण, पुरवठ्याचा दाब, बाहेर पडताना उरलेला दाब आणि किलोभर इंधनामागे किती ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड, एवढे विचारून छापावे. शेवटचा आकडा मिळाला नाही, तर ‘प्रदूषणमुक्त’ गाळावे.

आपले,
प्रणोदन विषयाचे काही अभ्यासक