बोळ सोडून थप्पी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका पालकांनी पोरांच्या व्हिडिओ गेमबद्दल तक्रार केली होती. त्यांचं बरंचसं म्हणणं मला पटलं. मोबाइलवर मधेच पैसे मागणारे आणि रात्री दोनलाही ‘परत ये’ म्हणून घंटा वाजवणारे खेळ मी भाच्याच्या हातात बघतो, त्यांची वकिली मला करायची नाही. पण त्यांच्या यादीत ‘ते विटा पडायचे खेळ’ असंही होतं, आणि तिथं मी अडलो. वरून पडणारे तुकडे फिरवत-सरकवत खाली गच्च रचायचे आणि थप्पी वरपर्यंत पोचली की हरायचं, तो खेळ म्हणजे टेट्रिस. त्याला त्या माळेत ओवू नका, एवढं सांगायला हे पत्र.

माझे आप्पा निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. गाडीतून बोद (तंबाखूची मोठी पोती) उतरवून घ्यायचे, थप्पी लावून घ्यायची, माल निघाला की तीच थप्पी गाडीत चढवायची, यात त्यांची तीस वर्षं गेली. थप्पी लावणं दिसतं तेवढं सोपं नसतं. एका थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर आले की ती सरकते. शिवाय तंबाखू आतून तापते, म्हणून मधे हात घालून बघता येईल असा बोळ सोडावा लागतो. नवा हमाल जागा वाया जाते म्हणून बोळ भरून टाकायचा आणि आप्पांच्या शिव्या खायचा.

१९९४-९५ च्या सुमारास मामांनी माझ्या धाकट्या भावासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. करडा डबा, दोन रिमोट (हातातल्या त्या बटणांना आम्ही रिमोटच म्हणायचो) आणि टेट्रिसची एक पिवळी कॅसेट. कॅसेट लागली नाही की काढायची, जोरात फुंकर मारायची आणि परत दाबून बसवायची. आप्पांनी चार दिवस तिकडं ढुंकून बघितलं नाही. पाचव्या दिवशी चहा पिता पिता मान वर केली आणि भावावर खेकसले, “आरं, खाली पोकळी सोडलास की! वरनं किती बी लाव, ती थप्पी बसणार न्हाई.” कप खाली ठेवून त्यांनी रिमोट ओढून घेतला तो त्या रात्री परत दिलाच नाही.

पहिला थर भरून नाहीसा झाला तेव्हा मात्र ते चमकले. “माल गेला कुठं?” भाऊ म्हणाला, भरली की ओळ जाते. आप्पांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे गाडी सुटली.” त्या दिवसापासून आमच्या घरात ओळ ‘जात’ नव्हती, गाडी सुटायची.

हा खेळ अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात बसून केला. त्यांच्या इलेक्ट्रॉनिका ६० या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी कंसाची चिन्हं जोडून चौकोन दाखवले. चार चौकोन कडेला कड लावून जोडायचे तर सातच आकार होतात, आणि ते सातच वरून पडतात. आप्पांनी त्यांना नावं दिली होती. लांबडा तो वासा, चौकोनी ती पेटी, मग तीन टोकांचं तिकटं, डावं-उजवं खुरपं आणि दोन वाकडी. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकू वाशाला ‘उद्द’ म्हणायच्या. तो बराच वेळ आला नाही की त्या आप्पांच्याही आधी हळहळायच्या, “उद्द बरलिल्ल!” आई कोपऱ्यात विड्या वळत बसायची. तिला खेळात रस नव्हता म्हणे, पण पुढचा तुकडा दाखवणाऱ्या चौकटीकडं तिचंच लक्ष असायचं. हातातली कात्री न थांबवता सांगायची, “पुढं खुरपं हाय.”

जाता जाता एक गंमत. हे सात आकार मिळून २८ चौकोन होतात. मी कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे सातही तुकडे कापून त्यांचा ४ बाय ७ चा आयत करायला एक अख्खी दुपार घालवली होती. तो होतच नाही! बुद्धिबळाच्या पटासारखी घरं रंगवली तर बाकीचे सहाही आकार दोन काळी आणि दोन पांढरी घरं झाकतात, एकटं तिकटं तीन आणि एक झाकतं. आयताला लागतात १४ आणि १४, हाती येतात १५ आणि १३. हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा त्या दुपारचा राग तिकट्यावर निघाला.

पण खरी ओढ आहे ती बोळात. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८९ मध्ये टीव्हीवरच्या यंत्रासाठी जी आवृत्ती काढली, तिच्यात सुरुवातीच्या पायरीवर एक ओळ भरली की ४० गुण, दोनला १००, तीनला ३०० आणि चार एकदम भरल्या तर १२००. म्हणजे एकेक करून चार गाड्या सोडल्या तर १६०, आणि चार एकदम सोडल्या तर साडेसातपट. चार एकदम फक्त वासाच सोडू शकतो. म्हणून कडेला एका घराचा बोळ उघडा ठेवायचा, बाकी सगळं भरत वर यायचं आणि वाशाची वाट बघायची. तो कधी येईल याचा नेम नाही. थप्पी डोक्याला लागत आली तरी बोळ भरायचा नाही, ही हिंमत. आता मात्र भरावाच लागणार हे वेळेवर ओळखायचं, ही अक्कल. आप्पांना वखारीत नेमकं हेच करायचा पगार मिळत होता. इथं ते फुकट करायचे, तेही जेवण गार करून.

वीज गेली की सगळं जायचं, कारण यंत्राला काही आठवत नसे. म्हणून मोठा आकडा झाला की भाऊ लगेच दारामागं खडूनं लिहायचा.

या खेळात जिंकणं नसतं, हा आक्षेप मला माहीत आहे. त्या जुन्या आवृत्तीत २९ व्या पायरीला तुकडे इतक्या वेगानं पडतात की तिथं माणसाचं काम संपतं, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला १३ वर्षांचा मुलगा १५७ व्या पायरीवर पोचला आणि यंत्रच गोठलं.  ही बातमी देताना इंग्लंडमधल्या एका वृत्तनिवेदिकेनं त्याला बाहेर जाऊन मोकळी हवा खायचा सल्ला दिला. आपले पत्रलेखक पालक एकटे नाहीत, एवढंच.

त्यांना एक विनंती आहे. यादीतून विटा वगळा आणि एका संध्याकाळी दुसरा रिमोट स्वतः हातात घ्या. घेतलात तर बोळ उजव्या कडेला ठेवा. आप्पा तिथंच ठेवायचे, कारण त्यांच्या वखारीचं दार उजव्या हाताला होतं. परवा भाच्याच्या यंत्रावर ती जुनी आवृत्ती खेळताना मी मोजून बघितलं. उभा केलेला वासा उजव्या कडेला न्यायला बटण चारदा दाबावं लागतं, डाव्या कडेला पाचदा.

आपला नम्र,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)