दम्याच्या तपासणीत पाळीबद्दल विचाराच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दम्यावर वृत्तपत्रांत बरेच लिहून येते. धूळ, धूर, थंड हवा, परागकण ही कारणे एव्हाना सगळ्यांना पाठ झाली आहेत. त्या यादीत मासिक पाळी मात्र क्वचितच दिसते आणि दवाखान्यातही तिच्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

लहानपणी दमा मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतो. वयात आल्यावर हे उलटते. मोठेपणी दमा आणि त्यातही तीव्र दमा स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्रियांमधल्या मुख्य संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) परिणाम श्वासनलिकांवर आणि ॲलर्जीची सूज वाढवणाऱ्या प्रतिकारपेशींवरही होतो, तर पुरुषांमधले मुख्य संप्रेरक टेस्टोस्टेरॉन ही सूज आवरते असे संशोधनातून दिसते. पाळीच्या आधी बळावणाऱ्या दम्याची नोंद वैद्यकीय लिखाणात १९३१पासून आहे. इतक्या वर्षांनंतरही तो प्रश्न तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचू नये, याचा मला मनापासून राग येतो.

माझ्या धाकट्या बहिणीला दमा आहे. महिन्यातले काही दिवस रात्रभर खोकला, जिना चढताना धाप आणि इनहेलर सतत हाताशी, असे वर्षानुवर्षे चालले होते. दर वेळी औषध वाढवून मिळायचे आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्लाही. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोराने बाहेर टाकता येतो ते मोजणारे छोटे उपकरण, वापरायला लावले. उभे राहून छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरून एका दमात जोराने फुंकायचे, असे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. सकाळी आणि संध्याकाळी. त्याच वहीत पाळीच्या तारखा लाल पेनने लिहायला सांगितल्या. काही महिन्यांची पाने शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले की लाल तारखेच्या आधी आकडे दर वेळी घसरत होते. मग रोजच्या औषधाची आखणी त्या दिवसांचा विचार करून झाली. ‘टेन्शन’चा विषय तिथेच संपला.

पाळीत पोट दुखते म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांनी काही दमेकऱ्यांना, विशेषतः नाकात पॉलिप (मऊ मांसल वाढ) असणाऱ्यांना, जोराचा झटका येऊ शकतो. सगळ्यांनाच येतो असे नाही. पण दमा असलेल्या मुलीला दुकानातून अशी गोळी आणून देण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

गरोदरपणात साधारण एक तृतीयांश स्त्रियांचा दमा वाढतो, एक तृतीयांशांचा कमी होतो, उरलेल्यांचा होता तसाच राहतो. आपला कोणत्या वाटेने जाणार, हे आधी सांगता येत नाही. तरीही बाळाला अपाय होईल या भीतीने अनेकजणी इनहेलर बंद करतात, आणि घरची वडीलधारी माणसेही तसेच सुचवतात. आटोक्यात नसलेल्या दम्यामुळे आईचा रक्तदाब वाढण्याचा, बाळ दिवसांआधी जन्मण्याचा आणि त्याचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांना न विचारता इनहेलर सोडणे हेच जास्त घातक.

पाळी जाण्याच्या वयातही दमा नव्याने सुरू होऊ शकतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ अभ्यासात, रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांमध्ये नव्या दम्याचे प्रमाण अधिक आढळले. त्या वयात धाप लागली की ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. फुफ्फुसांची तपासणी व्हायला हवी.

माझी मागणी साधी आहे. दम्याच्या केसपेपरवर पाळी, गरोदरपण आणि संप्रेरकांची औषधे यांसाठी एक रकाना छापावा आणि तो प्रत्येक स्त्री रुग्णाला विचारून भरावा. छातीच्या डॉक्टरांनी गरज पडेल तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. आपल्या आरोग्य पुरवणीतही दम्यावर पुढचा लेख येईल तेव्हा कारणांच्या यादीत पाळीचा उल्लेख असावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक