काकांना मूर्ख म्हणू नका

बाणेर, पुणे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, तुमचा आवाज चढला होता आणि माझाही चढायला लागला होता. म्हणून लिहितेय. लिहिताना एक मुद्दा शेवटपर्यंत नेता येतो.

खोट्या पोलिसांनी फोनवरून लुटलेल्या तळमजल्यावरच्या काकांबद्दल तुम्ही म्हणालात, "एवढा शिकलेला माणूस, जन्म पाटबंधारे खात्यात गेला, आणि स्वतः बँकेत जाऊन एफडी मोडून चोरांच्या खात्यात पैसे भरतो? अक्कल गहाण टाकली होती का?" सोसायटीत सगळे हेच म्हणत असतील. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

काकांना आधी फोन आला तो त्यांच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या एका सिमबद्दल. मग मनी लाँडरिंगचा, म्हणजे काळा पैसा पांढरा केल्याचा आरोप. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभ, टेबलावर फायली. मग सर्वोच्च न्यायालयाच्या शिक्क्याचा आदेश. कॅमेरा बंद करायचा नाही, काकूंशिवाय कुणाशी बोलायचं नाही, मुलांना सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल. शेवटी, "तुमचे पैसे रिझर्व्ह बँकेकडे तपासणीसाठी पाठवा, निर्दोष असाल तर परत येतील." निर्दोष माणूस या वाक्यावर विश्वास ठेवणारच. खरा चोर असता तर त्यानं लगेच वकील गाठला असता.

ही एकट्या काकांची गोष्ट नाही. सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात डिजिटल अरेस्ट, म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची खोटी अटक, आणि तशाच गुन्ह्यांच्या सव्वा लाखाच्या आसपास तक्रारी आल्या आणि १,९०० कोटींहून जास्त रुपये गेले. त्याच वर्षी वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना ८२व्या वर्षी सात कोटींना लुटलं. त्यांच्यासमोर तर ऑनलाइन न्यायालय भरवलं होतं, सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेला माणूस बसवून. एवढी मोठी कंपनी चालवणारा, हाताशी वकिलांची फौज असणारा माणूस फसतो, तेव्हा प्रश्न अकलेचा उरत नाही. तो भीतीचा असतो, आणि ती भीती त्या चोरांनी निर्माण केलेली नाही. ती आपल्या घरात आधीपासून होती.

बाबा, आठवून बघा. "पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली नाही" हे आपल्याकडे अभिमानानं सांगतात. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण मी तुमच्याच तोंडून ऐकत मोठी झाले. आपण कायदा पाळणारी माणसं, पण कायदा आपल्याला काय देतो हे आपण कधी विचारलं नाही. अटक म्हणजे काय, किती तासांत न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं, वकील कधी बोलावता येतो, हे शाळेत कुणी शिकवलं नाही आणि घरीही नाही. राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात चोवीस तासांची मुदत स्पष्ट लिहिलेली आहे, वकिलाचा हक्कही तिथेच आहे. काकांना एवढं माहीत असतं तर दोन दिवस खोलीत बसले नसते.

आता तुमच्या वयाच्या माणसांसाठी जे आहे ते लिहिते, नीट वाचा. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७९ प्रमाणे पोलिसांना साक्षीदार म्हणून कुणाकडे चौकशी करायची असेल, तर साठीच्या पुढच्या पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांना घरी यावं लागतं. आधी ही मर्यादा पासष्टची होती. कलम ३५ प्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ ओलांडलेल्या माणसाला अटक करायची तर उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. आई, तुझ्यासाठी वेगळं सांगते: अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही, आणि अपवाद असला तरी महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. न्यायालयाचं समन्स मात्र नव्या कायद्यानं इलेक्ट्रॉनिक मार्गानं येऊ शकतं, म्हणून "फोनवर आलेलं सगळं खोटं" असंही म्हणून चालणार नाही. पण कुठलंही न्यायालय समन्समध्ये खात्यावर पैसे भरून निर्दोषपणा तपासायला सांगत नाही. आणि डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कोणत्याच कायद्यात नाही.

मग वाद झाला तो एन्काउंटरवरून. मला तो टाळायचा नाही.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं झालं. कोर्टात वीस वर्षं गेली असती." त्या मुलींसाठी तुमचा जीव तुटत होता हे मला माहीत आहे, माझाही तुटत होता. पण दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तेव्हा आपल्या घरात त्यावर कुणी बोललं नाही. खटला उभा राहिला असता तर त्या शाळेत कुणी काय दडवलं, कुणी तक्रार घ्यायला उशीर केला, हे सगळं साक्षीपुराव्यानं बाहेर आलं असतं.

काकांच्या बाबतीत हे का सांगते आहे? कारण जाब न विचारता काहीही करू शकणारा जो गणवेश आपण टाळ्या वाजवून मोठा केला, तोच काकांना स्क्रीनवर दिसला. चोरांनी सोंग घेतलं ते कायद्यानं बांधलेल्या पोलिसाचं नव्हे. त्या सोंगातल्या पोलिसाला वॉरंट लागत नाही, वकील चालत नाही, तो थेट शिक्षा देतो. काकांना तो खराच वाटला, कारण असा पोलीस असू शकतो यावर आपल्या सगळ्यांचा विश्वास बसलेला आहे.

उशिराबद्दलचा तुमचा राग मी नाकारत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर मारलं. निकाल लागला १० मे २०२४ ला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, आणि न्यायाला जवळजवळ अकरा वर्षं लागली. त्यानंतर नऊच दिवसांनी कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण मुलं गेली, आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत तीनशे शब्दांच्या निबंधावर जामीन झाला. ससून रुग्णालयात त्याच्या रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप पुढे आला. पुण्यात राहणाऱ्या माणसानं हे बघून न्यायसंस्थेवर रागावू नये, असं मी कशाला म्हणू? पण उपाय न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरण्यात आहे, तपास नीट करण्यात आहे, साक्षीदारांना सांभाळण्यात आहे. गोळीनं न्यायालयाचं काम संपत नाही, ते फक्त व्हायचं राहून जातं.

आणि सरकारवर माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. गेली दहा-बारा वर्षं आपल्याला फोनचा हुकूम पाळायची सवय लावली गेली. हयातीचा दाखला फोनवर, गॅसची केवायसी फोनवर, लाडक्या बहिणीची ई-केवायसी फोनवर, गाडीचा दंड फोनवर. ओटीपी सांगा, चेहरा दाखवा, नाही तर बंद. काकूंना गॅसवाल्यानं दोनदा परत पाठवलं होतं, आठवतं? तंत्रज्ञान वाईट नाही, पेन्शनसाठी रांगेत उभं राहावं लागत नाही हे मला मान्य आहे. पण खिडकीपलीकडे माणूस असायचा, त्याला "हे कशासाठी?" विचारता यायचं. तो माणूस काढला आणि उलट प्रश्न विचारण्याची जागाच गेली. आणि काकांचा पत्ता, आधारचे आकडे, कोणत्या बँकेत खातं, हे सगळं चोरांना कुठून कळलं? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. माहिती संरक्षणाचा कायदा आला २०२३ मध्ये, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला आणखी दीड वर्षाची मुदत. एवढ्या काळात आपली माहिती किती हातांतून फिरली असेल!

आई, तू विचारलंस, "मग माणसानं जायचं कुणाकडे?" पूर्वी नगरसेवक असायचा. चांगला असो वाईट असो, त्याचं घर माहीत असायचं, पाणी आलं नाही की बायका तिथे जाऊन उभ्या राहायच्या. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत प्रशासक होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं ते २०१७ नंतर पहिल्यांदा. सत्तेला तोंडावर विचारायची सवयही वापरली नाही तर जाते. आता तुमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत, त्यांतल्या एकाला तरी काकांच्या घरी यायला सांगा.

बाबा, तुम्ही आयुष्यभर बँकेत काउंटरच्या आत बसलात. सत्तरीतला माणूस घामाघूम होऊन, मुदतीआधी सगळी एफडी मोडून अनोळखी खात्यावर टाकायला आला, तर तुम्ही पाणी देऊन बसवलं असतं, "घरी कुणाला सांगितलंय का?" असं विचारलं असतं. काकांना कुणी विचारलं नाही. त्या शाखेनं विचारायला हवं होतं. अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून हा विषय हाती घेतला, डिसेंबरमध्ये देशभरातला तपास सीबीआयकडे दिला, आणि बँकांची भूमिकाही तपासायला सांगितली. त्या दोघांनी लाजून तोंड लपवलं असतं तर हे झालं नसतं.

म्हणून विनंती आहे. आई, काकूंकडे आजच जा. त्या तळजाईला फिरायला यायच्या बंद झाल्या आहेत असं तू म्हणालीस, त्यांना तुझ्याबरोबर ने. आणि बाबा, जिन्यात किंवा कट्ट्यावर कुणी काकांची टर उडवली तर तुम्ही त्यांना थांबवा. तुमचं लोक ऐकतात. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा, तुमच्याकडे आणि त्यांच्याकडेही. पैसे गेल्या-गेल्या तिथे कळवलं तर पुढच्या खात्यांत ते गोठवता येतात. काकांनी दुसऱ्या दिवशी तक्रार केली तरी थोडी रक्कम एका खात्यात अडकवली गेली आहे म्हणतात. ती परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो.

मी रविवारी सकाळी येते. काकांना सांगा की तक्रारीची पोच, बँकेची स्टेटमेंट्स आणि त्या कॉलचे स्क्रीनशॉट एका फाइलमध्ये लावून ठेवा. माझ्या ओळखीच्या वकीलबाई सोमवारी भेटायला तयार आहेत. बाबा, तुम्ही बरोबर आलात तर बँकेचे कागद त्यांना तुम्हीच समजावून सांगू शकाल, ते माझ्यापेक्षा तुम्हाला कळतात.

तुमची,
ताई