‘ट्रान्सपरंट शीट’चं खरं नाव बिलावर लिहा

महोदय,

तारकर्लीला आमचं घरगुती निवास-न्याहारीचं काम आहे. मासळीचा वास घरात कोंडू नये म्हणून रांधणं-तळणं मागीलदारी, पत्र्याच्या छपराखाली. माकडांपासून बरण्या वाचाव्यात आणि तिरफळं कुठे, सोलं कुठे हे दार न उघडता दिसावं, म्हणून तिथल्या कपाटांना पारदर्शक दारं लावून घेतली. दुकानात “अ‍ॅक्रिलिकच आहे, ताई” असं सांगितलं. बिलावर मात्र नुसतं ‘ट्रान्सपरंट शीट’.

दुसऱ्या दिवाळीपर्यंत पाचांतली तीन दारं जुन्या तेलासारखी पिवळी पडली. दोन तशीच स्वच्छ. एकाच शीटमधून कापलेली, एकाच पश्चिमेच्या उन्हातली. कुडाळच्या एका जाणत्या कारागिराने उरलेला तुकडा दुमडून पाहिला, तो तुटेना. अ‍ॅक्रिलिक असतं तर कट्‌कन मोडलं असतं. हे पॉलिकार्बोनेट होतं, म्हणजे दुसरंच एक पारदर्शक प्लॅस्टिक. त्यावर उन्हापासून बचाव करणारा थर बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू कोणती, ते वरच्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर छापलेलं असतं. आमच्या सुताराने दोन्ही बाजूंचे पापुद्रे अंगणातच सोलले आणि मग दारं बसवली. तीन उलटी लागली. त्या पापुद्र्यावरची अक्षरं मी पाहिली होती. न वाचताच गोळा करून कचऱ्यात टाकली, याची आजही चुटपुट लागते.

पॉलिकार्बोनेट वाईट नाही. झावळी पडली तरी ते फुटत नाही, म्हणून माडाच्या बाजूला मी पुन्हा तेच लावलंय, सुलट. ओरखडे मात्र पटकन पडतात. काथ्याने घासायचं नाही. अ‍ॅक्रिलिक उन्हात वर्षानुवर्षं पिवळं पडत नाही, पण पेट घेतं. शेगडीजवळ ते नकोच. शेगडीशेजारी आता टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच आहे. ती एकदा टफन झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. मुठीचं भोक अर्ध्या इंचाने चुकलं आणि एक काच फुकट गेली.

आणखी एक. प्लॅस्टिकच्या शीटला स्क्रू गच्च आवळू नयेत. तीन फुटांचं पान तापमानातल्या 30 अंशांच्या फरकाने जवळजवळ 2 मिलिमीटर वाढतं. भोक स्क्रूपेक्षा मोठं नसेल तर तिथूनच तडा जातो.

दुकानदारांना माझी विनंती आहे की मालाचं नाव, जाडी आणि उन्हाचा थर एका बाजूला आहे की दोन्ही, एवढं बिलावर लिहून द्या. सुतारांनी कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर ‘बाहेर’ असं मार्करने लिहावं आणि पापुद्रा दार बसल्यावरच काढावा. आमच्यासारख्यांचे दोन हंगामांचे पैसे अशा दारांत जातात.

– एक निवास-न्याहारी चालक, तारकर्ली (ता. मालवण)