रंगकामाची वर्क ऑर्डर देण्याआधी गच्चीवरच्या अँकरचे बघा

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

विषय : बाहेरील प्लास्टर दुरुस्ती व रंगकामात उंचीवर काम करणाऱ्या कामगारांची सुरक्षा

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यानंतर सुरू होणाऱ्या कामाची कोटेशन आम्ही वाचली. सुरक्षेबद्दल त्यात एकच ओळ आहे : ‘कामगारांना सेफ्टी बेल्ट पुरवला जाईल.’ तो बेल्ट कशाला अडकवणार, याचा उल्लेख नाही. बेल्ट कंत्राटदार आणेल, पण गच्ची आपली आहे. तिथे दोर अडकवायची भार पेलणारी जागा, म्हणजेच अँकर, तयार ठेवणे सोसायटीचे काम आहे आणि ते वर्क ऑर्डरच्या आधी व्हायला हवे.

एरवी झुल्याचे, म्हणजे कामगार ज्यावर बसून भिंतीला लटकतो त्या फळीचे, दोर हाताशी येईल त्याला बांधले जातात : पाण्याचा पाइप, सोलरची फ्रेम, डिशचा खांब, नाहीतर कठड्याची जाळी. साडेचार इंची विटांचा कठडा आडवी ओढ सहन करायला बांधलेलाच नसतो. ईएन ७९५ या युरोपीय मानकात अँकरवर १२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १,२०० किलोंचा भार ३ मिनिटे ठेवून चाचणी घेतात. पाइपाची क्लिप यात कुठे बसते ते आपणच ठरवा.

‘गच्चीत बोल्ट मारून हुक लावून देतो’ असे कोणी म्हणाले तर कृपया नाही म्हणा. स्लॅबवर चार-पाच इंचांचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर आहे. बोल्ट त्या विटांच्या तुकड्यांतच अडकून राहतो, एका हिसक्यात उपटतो, आणि वॉटरप्रूफिंग फुटून वरच्या मजल्यावर गळती सुरू होते ती वेगळीच. खरी जागा म्हणजे टाकीचे आरसीसी कॉलम आणि जिन्याच्या केबिनचे बीम. तिथे केमिकल अँकरने, म्हणजे भोकात रसायन भरून, स्टेनलेस स्टीलचे आय-बोल्ट (कडीचे बोल्ट) बसवता येतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे कॉलमलाच २२ किलोन्यूटन छापलेली पॉलिएस्टर स्लिंग (जाड पट्टा) गुंडाळणे. त्यात भोकही पाडावे लागत नाही. आमच्या मते या वर्षीपुरते स्लिंग पुरेल. मात्र ज्या कॉलमचे कव्हर (सळईवरचे काँक्रीट) सुटून सळई दिसते तो वापरू नये. कोणता कॉलम चालेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशावर खूण करून, सहीनिशी द्यावे.

झुल्यावरच्या प्रत्येक माणसाला दोन दोर हवेत : एक कामाचा, दुसरा लाइफलाइनचा (पडला तर धरून ठेवणारा), आणि दोन्ही वेगवेगळ्या अँकरना. एकाच कॉलमला दोन्ही बांधले तर दुसऱ्या दोराचा उपयोग उरत नाही. कठड्याच्या कडेवर दोर घासतो तिथे जुन्या फायर होजचा तुकडा किंवा जाड गोणपाट घालावे. लाइफलाइनवर सरकणाऱ्या आणि हिसका बसताच दोर पकडणाऱ्या रोप ग्रॅबवर दोराची जाडी आणि वरच्या दिशेचा बाण कोरलेला असतो. बाण उलटा बसला, दोर बारीक असला किंवा त्यावर सिमेंटचे पाणी वाळले असले, तर ग्रॅब पकडत नाही. आणखी एक चूक नेहमी दिसते : उतरताना माणूस ग्रॅब मुठीत धरून ठेवतो. घसरला की घाबरून मूठ आणखी आवळतो, आणि ग्रॅब उघडाच राहतो.

कमरेचा पट्टा चालणार नाही. पडताना सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर बसतो. आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला फुल बॉडी हार्नेस (खांदे, छाती व मांड्यांना बांधायचे पट्टे) हवा आणि पडताना अडवणारा दोर पाठीवरच्या डी-रिंगला (कडीला) हवा. मांडीचा पट्टा असा घट्ट असावा की तळहात आत जाईल पण मूठ जाणार नाही. शिवण उसवलेला, कापलेला, ॲसिडचे डाग पडलेला किंवा एकदा पडण्याचा हिसका खाल्लेला हार्नेस बाद समजावा. भिंत धुण्याचे ॲसिड नायलॉन खाते, आणि ते डोळ्यांनी दिसेलच असे नाही.

खालच्या मजल्यांवर परांचीवरून काम होईल. तिथे २ मीटरचा लॅनयार्ड (हार्नेसपासून अँकरपर्यंतचा दोर) पायाशी अडकवला तर लॅनयार्ड २, हिसका शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर उलगडून १.७५, डी-रिंगपासून पायांपर्यंत १.५ आणि राखीव १ असे मिळून सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या उंचीपर्यंत हार्नेस घालूनही माणूस जमिनीवर आपटू शकतो. म्हणून हुक डोक्याच्या वर अडकवावा, लॅनयार्ड आखूड घ्यावा आणि परांचीला पूर्ण फळ्या व कमरेइतके कठडे असावेत.

प्रशिक्षण म्हणजे पत्रकावर अंगठा नव्हे. काम सुरू होण्याआधी अर्धा दिवस, कामगारांच्या भाषेत, जमिनीवर सराव घ्यावा : हार्नेस बांधणे, ग्रॅब लावणे, आणि जमिनीपासून फूटभर वर दोन मिनिटे लटकणे. लटकल्यावर पट्टा कुठे रुततो ते तेव्हाच कळते. त्यानंतर सुटकेचा सराव. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकलेल्याच्या पायांत रक्त साचते, त्याला काही मिनिटांत उतरवावे लागते. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करावाच, पण गाडीची वाट पाहत बसू नये. गच्चीवर जादा दोर, डिसेंडर (दोरावरून हळू उतरवायचे साधन) आणि तो वापरता येणारा एक माणूस काम संपेपर्यंत हवा. अशा कामांवर मधेच माणसे बदलतात, म्हणून सराव झालेल्यांची नावे वॉचमनकडे असावीत. यादीत नाव नाही तर गच्चीची किल्ली नाही. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर झुला बंद.

सुरक्षेची रक्कम कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत मागवा. एकूण आकड्यात मिसळली की दर कमी करताना आधी तीच कापली जाते. मजुरी चौरस फुटावर असेल तर हार्नेस बांधण्यात कोण वेळ घालवणार? सकाळचा तयारीचा अर्धा तास हजेरीत धरण्याची अट असावी. विम्याच्या पॉलिसीची प्रत घ्या आणि उंचीवरचे काम त्यातून वगळलेले नाही ना, तेवढे तपासा.

जाता जाता एसीवाल्यांबद्दल. वर्षभर छज्ज्यावर उतरून आउटडोअर युनिट उघडणारा माणूस खिडकीच्या ग्रिलला धरून असतो, आणि ते ग्रिल प्लास्टरमधल्या दोन इंची स्क्रूंवर उभे असते. सभासदांनी एक दिवस आधी ऑफिसला कळवावे आणि गच्चीवरचे अँकर अशा कामालाही द्यावेत, असे परिपत्रक काढावे.

समितीच्या येत्या सभेत अँकरचा नकाशा व स्वतंत्र दर हे दोन मुद्दे घ्यावेत, आणि ते मंजूर होईपर्यंत वर्क ऑर्डरवर सही करू नये, ही विनंती.

कळावे,
आपले,
बी विंगमधील सभासद