वाड्यातील तैलचित्राची तपासणी व्हावी

महोदय,

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या मालगुजारी वाड्यात नऊवारी नेसलेल्या एका बाईंचे तैलचित्र आहे. ते राजा रविवर्मा यांचे आणि बाई म्हणजे थोरल्या मालगुजारीणबाई, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. परंतु कॅनव्हासच्या पाठीवर कुंचल्याने १९२१ हे साल व एक पुसटसे नाव लिहिलेले असून रविवर्मा १९०६ मध्येच वारले. दर्शनी कोपऱ्यातील सही नंतर कोणी चढवली असल्यास अतिनील प्रकाशात ती जुन्या व्हार्निशवर काळपट उठून दिसेल. बाईंची ओळख मात्र घरातील जुन्या छायाचित्रांशी दागिने ताडूनच पटेल, आणि ते दागिने ओळखणाऱ्या वृद्धा आता थोड्याच उरल्या आहेत. चित्र पुसून चकचकीत करण्याआधी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील जाणकारांना दाखवावे, ही वारसांना कळकळीची विनंती.

— एक वाचक, जि. भंडारा